एका पायाचं काम होत नाही

ब्रेक लावला की गाडी थांबते, अशी आपली साधी समजूत. ही गाडी थांबली नाही. आधी वाकली.

त्याचं असं झालं, उताराच्या रस्त्यावर एक मांजर आडवं गेलं. गाडीवाल्यानं घाईघाईत पुढचा ब्रेक दाबला. ती जुनी काळी मोटारसायकल नाक जमिनीला टेकवायला निघाली, खण्णकन वाजली, उसळून वर आली आणि थेट गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. दारात गॅरेजवाल्यांची मुलगी चहाचा कप घेऊन उभी होती. सुट्टी म्हणून हौसेनं घातलेल्या तिच्या पांढऱ्या शर्टावर काळ्या तेलाचे बारीक थेंब उडाले.

तिनं शर्टाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मग... त्याच्याकडे.

"तुमची गाडी सगळ्यांनाच असा मुजरा करते," तिनं विचारलं, "की आज माझाच मान?"

तो खजील झाला. भुरभुर पावसानं केस कपाळाला चिकटलेले, पाठीला चामड्याची लांबट पिशवी, आणि चेहऱ्यावर दुसऱ्याच्याच घरात चुकून शिरलेल्या माणसाचं हसू. "माफ करा हं... आधी अशी नव्हती ती. आताशा फार वाकायला लागलीय."

"म्हातारी झालीय. गुडघे गेलेत तिचे."

कप उंबऱ्यावर ठेवून ती गाडीपुढे उकिडवी बसलीसुद्धा. सुट्टी गेली उडत! पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेलं असतं, त्यातल्या डाव्या पायावरून तिनं बोट फिरवलं. बोट काळंभोर झालं. "शॉकअपचं सील फाटलंय. सगळं तेल बाहेर. आत नुसती स्प्रिंग नाचतेय."

"डाव्याचंच ना? मग तेवढं बदलून द्या. उजवा तर चांगला दिसतोय."

आतल्या अंधारातून एक खणखणीत आवाज आला, "एका पायाचं काम आमच्याकडे होत नाही!"

तो दचकला. आत खुर्चीवर तिचे बाबा बसले होते. या रस्त्यावर त्यांना मोठे मेस्त्री म्हणत आणि तिला धाकट्या मेस्त्री. मोतीबिंदूनं बाबांची नजर दुधाळ झाली होती, पण दुकानातला प्रत्येक पाना कुठे आहे हे त्यांना तिच्याहून जास्त ठाऊक होतं.

"बदलायचं तर जोडीनं," तिनं समजावलं. "एक नवा, एक जुना ठेवला की त्यांचं पटत नाही. एक दबायला बघतो, दुसरा अडून बसतो. मग चाक तिसरीकडेच."

"जोड्या जमवायचा धंदा आहे वाटतं तुमचा?"

"फक्त लोखंडाच्या," ती फटकन म्हणाली. कान मात्र तापले. चहाचा कप उचलावा म्हणून ती वळली, तर कपात पाऊस पडलेला.

तो पियानोचे सूर लावायचा. गाडी मूळची त्याच्या मामांची. मामाही हेच काम करत गावोगाव फिरले, आणि कान थकले तेव्हा गाडी, पिशवी आणि गिऱ्हाइकं, सगळं भाच्याच्या हवाली करून मोकळे झाले. सध्या समोरच्या संगीतशाळेतले पियानो लावायचं काम त्यानं घेतलं होतं. ते झालं की दूर बंदराच्या गावी जायचं. तिथल्या मोठ्या नाट्यगृहात त्याला कायमची नोकरी मिळाली होती. दिवसभराची वाट, मध्ये वळणावळणाचा घाट.

"म्हणून गाडी धड पाहिजे," तो म्हणाला. "गाडी झाली की निघालो."

किती सहज म्हणाला! आणि तिनंही किती सहज मान डोलावली. पुढे याच वाक्यानं तिची झोप उडवली, पण त्या दिवशी तिला कुठलं काय माहीत?

दुसऱ्या दिवशी तिनं चाक काढलं, दोन्ही पाय सोडवले, स्प्रिंगा ओढून काढल्या, आतल्या कड्या, म्हणजे बुश, धुऊन फडक्यावर मांडले. संगीतशाळेची खिडकी उघडी होती. तिथून एकच सूर पुन्हा पुन्हा यायचा... टुंग... टुंग... थोडा वर, थोडा खाली, मग जागेवर. तो जागेवर आला की तिचा हातही क्षणभर थांबायचा. बाबा म्हणायचे, "हा माणूस आहे की गळका नळ?" पण सूर थांबला की तेच आधी विचारायचे, "गेला की काय तो सूरवाला?"

तो जायचा कुठला! चहाच्या वेळी एक पट्टी तीनदा वाजायची, आणि पाचव्या मिनिटाला स्वारी दारात हजर. सूरवाला हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

"काचेवर काय लाटताय?" त्यानं एकदा विचारलं.

जाड काचेच्या तुकड्यावर ती शॉकअपचा चकचकीत पाईप हलक्या बोटांनी फिरवत होती. "वाकलाय का बघतेय. पाईप सरळ असेल तर खालून उजेड दिसत नाही. वाकडा असेल तर फट दिसते. बघायचीय?"

त्यानं टेबलावर गाल टेकवला. पलीकडून तिनंही टेकवला. पाईप हळूच फिरला आणि त्याच्याखाली केसभर उजेडाची रेघ उघडली. त्या रेघेतून तिला त्याचा डोळा दिसला. तपकिरी, हसरा, आणि पाईपकडे मुळीच न बघणारा.

"दिसली फट?" तिनं विचारलं. आवाज स्वतःचाच वाटेना.

"अं... दिसली. पण बंद करायची घाई नाही ना?"

"आहे!" बाबा आतून म्हणाले. "पाईप सरळ करायला घे आता."

ती झटकन उठली. उजव्या पायाचा पाईप वाकलेला निघाला होता, जो म्हणे चांगला होता! प्रेसमध्ये धरून तिनं तो थोडा थोडा दाबला, काढला, काचेवर पाहिला, पुन्हा दाबला. तो बसून बघत राहिला.

"इतकं हळू?"

"एकदम जोर केला तर मोडतो. तुम्ही नाही का तार हळूहळू ओढत?"

"ओढतो ना. एका सुराला तीन-तीन तारा असतात. एक जरी नाराज असली तरी सूर डुलायला लागतो." मग त्यानं पिशवीतून पोलादाचा एक दोन पायांचा काटा काढला. "हा माझा नादकाटा. बघा, तुमच्या गाडीच्या मानेसारखाच, वर एक दांडा, खाली दोन पाय. हात द्या."

तिनं हात पुढे केला, काळा, ग्रीसनं माखलेला. त्यानं काटा गुडघ्यावर आपटला, सरळ झालेला पाईप तिच्या तळहातावर उभा धरला आणि काट्याचा दांडा पाईपच्या टोकाला लावला. पाईप गुणगुणला. ते गुणगुणणं ऐकू आलं त्याहून जास्त हाताला कळलं... बोटांतून मनगटात, मनगटातून कुठे कुठे. सूर विरून गेला तरी तिनं हात मागे घेतला नाही. त्यानंही काटा उचलला नाही.

"आला का सूर?" त्यानं विचारलं.

"कामाला लागायला हवं," ती म्हणाली. विचारलं काय, सांगितलं काय!

खरी पंचाईत इथून सुरू झाली. हातचं काम जितकं चांगलं होईल, तितका तो लवकर जाणार. तिला काहीबाही सुचायचं, सील आली नाहीत म्हणून सांगावं, क्रोमवाल्यानं उशीर केला म्हणावं. एकदा तर तोंड उघडलंसुद्धा. पण कामात लबाडी करायला जीभ वळेना. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला 'थांब' म्हणावंसं वाटत होतं, आणि त्याला पाठवायची सगळी तयारी आपल्याच हातानं चालली होती. तो समोर आला की ती बुशबद्दल बोलायची, बोल्टबद्दल बोलायची. मनातलं सोडून जगातल्या प्रत्येक नटाबद्दल बोलायची.

संगीतशाळेतला शेवटचा पियानो लावून झाला, आणि इकडे तेल भरण्याचा दिवस आला. बाबा सकाळीच शेजारच्या काकांबरोबर डोळ्याच्या शस्त्रक्रियेला गेले होते. जाताना बजावून गेले, "फडकं विसरू नकोस."

ही त्या दुकानाची जुनी रीत. पाय जागेवर बसले की हँडलजवळ त्यांची दोन तोंडं उघडी राहतात. काचेच्या मापानं प्रत्येक पायात सारखं तेल ओतायचं, आणि ज्यात ओतलं त्याच्या तोंडावर लगेच फडकं टाकायचं. फडकं आहे तो भरला, नाही तो रिकामा. बाबांनी हे तिला शाळेच्या वयात शिकवलं होतं, आणि त्यात ती कधीच चुकली नव्हती.

तो दारात येऊन उभा राहिला. पिशवी पाठीला, जाकीट अंगात. बाहेर उन्हात पाऊस पडत होता, नुसता चमकणारा, न भिजवणारा.

"झालीच म्हणायची," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. डाव्या पायात तिनं माप रिकामं केलं. फडकं टाकलं.

"तुमच्या गालाला तेल लागलंय."

"लागू दे. रोजच लागतं."

"नाही, पण आज मी निघतोय ना..." त्यानं हाताला लागलं ते फडकं उचललं आणि हलकेच तिच्या गालावरून फिरवलं. किती हलकेच म्हणजे तेल निघालं की नाही देव जाणे. "एक सांगू? मामांनी ही गाडी घेतली तेव्हापासून मागच्या सीटवर कुणी बसलेलंच नाही. ते एकटे, मी एकटा. सीट अजून कोरी करकरीत आहे. मला कधी कधी तिचं फार वाईट वाटतं."

तिच्या हातात माप होतं. तिनं ते पुन्हा भरलं. रेघेपर्यंत, अगदी बरोब्बर. वळली, समोर उघडं दिसलं त्या तोंडात ओतलं, दोन्ही झाकणं घट्ट आवळली.

"वाईट कशाला वाटायला हवं?" ती म्हणाली. "सीटला काय कळतंय!"

असं म्हणाली! स्वतःची जीभ चावावीशी वाटली तिला. त्याचा चेहरा उतरला. फडकं नीट घडी करून त्यानं टेबलावर ठेवलं.

मग तो गाडीवर बसला, पुढचा ब्रेक धरून त्यानं हँडल दोन-चारदा खाली दाबलं. असं दाबलं की पाय आपली जागा शोधतात. मगच चाकाच्या दांडीजवळचा शेवटचा बोल्ट आवळायचा. गाडी जरा कडक लागली. नवी सील आहेत, लागणारच, असं तिनं मनाशी म्हटलं. त्यानं मान तिरकी करून काहीतरी ऐकल्यासारखं केलं. तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले... पण बोलला नाही.

तिनं बोल्ट आवळला. एरवी उतारावर ती स्वतः एक चक्कर मारून आणायची, पण त्या दिवशी ती त्या गाडीवर बसूच शकली नसती.

"येतो," तो म्हणाला.

आपल्याकडे जाणारा माणूसही 'येतो' म्हणतो. तिला त्या शब्दाचा इतका राग कधी आला नव्हता. गाडी वळणापलीकडे गेली. ती आत आली, पाने पुसून जागेवर लावले, लावलेले पुन्हा काढून पुसले. समोरची खिडकी बंद होती.

बाबा परतले, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. "गेला?" त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली, मग त्यांना दिसत नसेल म्हणून "हो" म्हणाली, आणि ते 'हो' मध्येच फुटलं.  बाबा खुर्ची जरा तिच्या बाजूला सरकवून बसले.

तेवढ्यात उतारावर धापा टाकल्याचा आवाज आला. सूरवाला गाडी हातानं ढकलत चढावरून येत होता. लालबुंद झालेला, घामानं निथळत.

ती धावत रस्त्यावर गेली. "काय झालं? पडलात का? लागलं का कुठे?"

"नाही नाही... गाडी जरा... तुम्ही बघता का?"

बाबा उठून आले. चाचपत त्यांनी हँडल धरलं आणि एकदा दाबलं. पुन्हा एकदा दाबलं. मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा कधीही न चुकणाऱ्या घड्याळानं भर दुपारी मध्यरात्र दाखवल्यावर होईल.

"एक पाय कोरडा आहे," ते म्हणाले. "आणि दुसऱ्याचं पोट फुटायला आलंय. दोन्ही मापं एकात! पोरी... फडकं कुठं होतं?"

"फडकं..." तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"फडकं माझ्या हातात होतं," तो म्हणाला. "त्यांच्या गालाला तेल लागलं होतं म्हणून मी..."

बाबांनी एकदा तिच्या, एकदा त्याच्या दिशेनं तोंड वळवलं. पट्टीच्या आतला डोळासुद्धा विचार करत असावा. मग त्यांच्या मिशा हलल्या. "मला आज चक्कर यायचं लक्षण दिसतंय. मी आत पडतो. हाक मारल्याशिवाय उठणार नाही, आणि हाक मारू नका." दार लोटून ते आत गेले.

बाहेर दोघंच उरले. पाऊस आता थांबल्यात जमा होता.

"चूक माझी," ती म्हणाली. "घाटात सील फुटलं असतं, काहीही झालं असतं. अशी चूक मी कधीच केली नव्हती... तुम्ही बोलत होतात ना, ते सीटचं. मला पुढचं काही दिसलंच नाही."

"घाटात काही झालं नसतं. मी वळणापलीकडेच थांबलो होतो. गाडी बंद करून तिथल्या बाकावर बसलो."

"का?"

त्यानं पिशवीचा पट्टा उगाच सारखा केला. "दाबली तेव्हाच कळलं होतं मला. दोन्ही पायांचा सुस्कारा एकदम यायला हवा ना? एकाचाच येत होता. दुसरा गप्प. इतकं ऐकू आलं नाही तर मी पियानो काय लावणार?"

"मग तिथंच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही लगेच दुरुस्त करून दिली असती. मग परत यायला मला निमित्त कुठलं उरलं असतं?" त्यानं मान वर केली. "मला परत यायचं होतं. गाडीसाठी नाही. तुझ्यासाठी."

'तुझ्यासाठी'! इतक्या दिवसांचं 'तुम्ही' कधी गळून पडलं, त्यालाही कळलं नसावं. तिला मात्र कळलं. तिला रडू आलं, हसू आलं, आणि सगळ्यात जास्त राग आला.

"मूर्ख आहेस तू!" ती म्हणाली. "मी सकाळपासून मरतेय इथे. मला तू आवडतोस, कळलं? त्या पहिल्या मुजऱ्यापासून आवडतोस. आणि म्हणे सीटला काय कळतंय... मला कळत होतं सगळं!"

तो हसला. ती उजेडाची रेघ पुन्हा उघडली असं तिला वाटलं, या वेळी मध्ये पाईप नव्हता.

मग त्यांनी गाडी पुन्हा उघडली. तेल सगळं काढलं, पाय पुसून कोरडे केले. एक माप तिनं ओतलं, एक त्यानं. तिनं ओतल्यावर फडकं टाकलं आणि त्याला दम भरला, "हात लावशील तर बघ."

"पण गालाला तेल लागलंय तुझ्या."

"लागू दे. आज खरंच लागू दे."

त्यानं गाडी दाबली. या वेळी दोन्ही पायांतून एकदमच आला, लांब, मऊ सुस्कारा, गाढ झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखा. तिनं बोल्ट आवळला. आतून बाबांचा आवाज आला, चक्कर आलेल्या माणसाच्या मानानं फारच ठणठणीत, "ट्रायल दोघांनी घ्यायची! एकाचं वजन वेगळं, दोघांचं वेगळं. दुकानाचा नियम आहे!"

"कधीपासूनचा?" तिनं ओरडून विचारलं.

"आजपासूनचा!"

ती मागच्या कोऱ्या करकरीत सीटवर बसली. कातडं कुरकुरलं. तिनं आधी सीटची कड धरली, मग त्याच्या जाकिटाची कड, मग कड सोडून दिली आणि सरळ त्यालाच धरलं. ओला रस्ता उन्हात चमकत होता. खड्डे आले आणि गेले, गाडी त्यांच्यावरून नुसती श्वास घेत उतरली. पुलापाशी त्यानं ब्रेक लावला. गाडी जराशीच वाकली, कुणी ओळखीचं भेटलं म्हणून मान तुकवावी इतकीच, आणि थांबली.

खाली नदी संथ वाहत होती. पलीकडे घाटाचा रस्ता दिसत होता. दोघांनाही तो दिसला.

"नोकरीचं..." तो म्हणाला. "तू म्हणालीस तर नाही जात मी."

तिला म्हणावंसं वाटलं, नको जाऊस. पण त्या नोकरीबद्दल बोलताना उजळणारा त्याचा चेहरा तिनं पाहिला होता. आणि दोन पायांतला एक अडवून ठेवला की काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

"जा तू," ती म्हणाली. "दिवसभराची तर वाट आहे. पण नवी सील पहिल्या लांब पल्ल्यानंतर तपासावी लागतात. ज्या हातानं बसवली त्याच हातानं."

"हाही आजचाच नियम?"

"आत्ताचा. गाडी घेऊन यायचंस. नाही आलास, तर मी येईन न्यायला."

"गाडीला?"

तिनं त्याच्या पाठीवर गाल टेकवला. जाकिटाला तेलाचा डाग पडणार होता, पडो.

"गाडीचं नंतर बघू," ती म्हणाली.